माकडतापाचा जर्मन भाऊबंद

आठवडाभर आमच्या भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच विषय: माकडं मारायला परवानगी द्या. सिंधुदुर्गात दोडामार्गातला चुलतभाऊ लिहितो, काजूचे बोंडू खातात, नारळ पाडतात, वर माकडताप देतात. सरकारला माणसापेक्षा माकड प्यारं. खाली अंगठ्यांची रांग. मी इथे जर्मनीत, फ्रायबुर्गमध्ये बसून लांबलचक उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

पिकाच्या नुकसानीवर मी बोलत नाही, ते त्याचं त्याला माहीत. पण तापाचं खापर माकडावर का? १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं पटापट मरायला लागली, माणसंही तापाने फणफणली, आणि पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या मंडळींनी विषाणू हुडकून काढला. तो माणसात येतो गोचिडीच्या चाव्यातून. माकड त्यात आपल्यासारखंच बळी. उलट आजारी माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिड्या उतरतात आणि पुढच्या अंगाची वाट बघत पाल्यात बसतात. अशा जागी बंदुकीचं काय काम?

त्यावर आतेबहिणीचं म्हणणं, ‘तुमच्याकडे बरं, स्वच्छता असते, असले रोग नाहीत.’ हे मात्र डोक्यात गेलं. अगं, या चकचकीत देशात, आमच्या घरामागच्या जंगलात, माकडतापाच्या विषाणूचा सख्खा भाऊबंद नांदतो. एफएसएमई म्हणतात. मेंदूला सूज आणतो आणि त्यावर औषध नाही. परवाच फिरून आल्यावर मुलाच्या गुडघ्यामागे खसखशीएवढा काळा ठिपका दिसला. ठिपक्याला पाय होते. त्सेकनकार्टची, म्हणजे गोचीड काढायच्या कार्डाची, खाच कातडीला टेकवून हळूच सरकवली, तेव्हा कुठे निघाला. गोचिडीला स्वच्छता कळत नाही, तिला गवत कळतं.

फरक आहे तो लशीत. एफएसएमईची लस शेजारच्या ऑस्ट्रियात १९७६ पासून आहे. माझ्या पिवळ्या इम्फपासमध्ये, म्हणजे लसीकरणाच्या पुस्तिकेत, तिन्ही डोसांचे शिक्के आहेत, पैसे क्रांकनकासने, म्हणजे आरोग्य विम्याने, भरले. माकडतापाची लसही कर्नाटकात कित्येक वर्षं देत होते, पण ती पुरेशी लागू पडेना, म्हणून २०२२ मध्ये थांबवली. आता हातापायाला गोचिड्यांना लांब ठेवणारं तेल चोपडायचं, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ करायची, कपडे उकळायचे. नव्या लशीसाठी ओरडा ना, माकडांसाठी कसले ओरडता? असं सगळं मी पाठवलं. जरा जास्तच ऐटीत, ‘इकडे बघा कसं करतात’ वगैरे.

भावाचं उत्तर एका ओळीचं: ‘मगे मार्चात ये काजी वेचूक.’

डिसेंबर ते मे हा या तापाचा हंगाम, आणि काजूचाही तोच. २०१६ मध्ये दोडामार्गात रुग्ण सापडले, तेव्हापासून आम्ही गावी जातो ते गणपतीत. विचारलं तर पोरांची शाळा, तिकिटं, असलं काहीबाही सांगतो. तीन डोस टोचून मी जंगलात जातो ते हौसेने, रविवारी. तो रोज जातो, पायाला तेल लावून, पोटासाठी.

पुढे काय लिहिणार? मीही एक अंगठा टाकला. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. बागेत शेवटचा गेलो तो २०१५ च्या मे महिन्यात.

रात्री काकूचा वेगळा मेसेज आला: ‘येताना ती गोचीड काढायची कार्डं चार-पाच घेऊन ये रे.’