ग्राफिक्स कार्ड जड सॉफ्टवेअरने जळते, हे कितपत खरे?

लातूर-नांदेडकडे लग्नाच्या व्हिडिओचे एडिटिंग करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत उन्हाळ्यात एक संदेश हमखास फिरतो: जड सॉफ्टवेअर महागडे ग्राफिक्स कार्ड जाळते, 2021 मध्ये एका गेमने आरटीएक्स 3090 या महागड्या मॉडेलची हजारो कार्डे जाळली, म्हणून मे महिन्यात रात्रभर रेंडर (एडिट केलेल्या व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्याचे काम) लावू नये.

यातले ‘हजारो’ प्रथम तपासू. तो गेम ॲमेझॉनचा ‘न्यू वर्ल्ड’ होता आणि जुलैमधील त्याच्या चाचणी आवृत्तीत ईव्हीजीए या कार्ड बनवणाऱ्या कंपनीची काही 3090 कार्डे बंद पडली, हे खरे आहे. मात्र कंपनीने त्यांची संख्या सुमारे दोन डझन सांगितली, ती बदलून दिली आणि एक्स-रे तपासणीनंतर मॉस्फेट (वीजपुरवठा नियंत्रित करणारे सुटे भाग) यांच्या भोवतीच्या सदोष सोल्डरिंगला कारण ठरवले. सप्टेंबरअखेर प्रसिद्ध झाल्यावर काही दिवसांतच हा गेम स्टीम या गेमविक्रीच्या मंचावर एकाच वेळी नऊ लाखांहून अधिक लोक खेळत होते. दोष गेमचा असता, तर तेव्हा दुरुस्तीच्या दुकानांपुढे रांगा लागायला हव्या होत्या.

‘जड’ हे विशेषणही येथे फसवे आहे. तक्रारी आल्या त्या बऱ्याचदा मेनूच्या साध्या पडद्यावर, कारण फ्रेमच्या (पडद्यावर काढल्या जाणाऱ्या चित्रांच्या) संख्येवर मर्यादा नसल्याने कार्ड एका सेकंदात शेकडो निरुपयोगी फ्रेम काढत बसते आणि विजेची मागणी क्षणोक्षणी उसळते. 2010 मध्ये ‘स्टारक्राफ्ट 2’ या गेमच्या मेनूबाबत हीच तक्रार झाली होती आणि उपाय होता फ्रेमदराला मर्यादा घालणे. असा भार सोल्डरचा कच्चा सांधा उघडा पाडतो, पण धडधाकट सांधा कच्चा करत नाही.

उन्हाळ्याचा मुद्दा थोडा वजनदार आहे. खोलीचे तापमान दहा अंशांनी वाढले की चिपचेही जवळपास तेवढेच वाढते. परंतु 3090 साठी तिची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने 93 अंश सेल्सिअसची मर्यादा ठेवली आहे. ती गाठताना कार्ड स्वतःचा वेग कमी करते आणि त्यानेही भागले नाही, तर बंद होते. त्यामुळे परभणीच्या मे महिन्यात रेंडर लांबते, एवढेच. (3090 ची निम्मी मेमरी कार्डाच्या पाठीमागे असून ती फार तापते, म्हणून कॅबिनेटमध्ये हवा खेळती हवी.)

सॉफ्टवेअर पूर्णपणे निर्दोष असते, असेही मी म्हणणार नाही. मार्च 2010 मध्ये एनव्हिडियाला 196.75 हा ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) मागे घ्यावा लागला, कारण त्यामुळे पंख्याचे नियंत्रण बिघडून कार्डे तापत होती. म्हणजे धोका आहे तो पंखा, व्होल्टेज आणि बायॉस (कार्डातील मूळ सेटिंग) यांत ढवळाढवळ करणाऱ्या सॉफ्टवेअरचा, ब्लेंडर किंवा प्रीमियर अशा रेंडर करणाऱ्या सॉफ्टवेअरचा नव्हे.

तरीही मनात धास्ती असेल, तर रेंडर बंद ठेवण्याऐवजी आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंग बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची कमाल मर्यादा) 80 टक्क्यांवर आणावी. 350 वॉटचे कार्ड मग 280 वॉटवर चालते आणि वेग त्या प्रमाणात न घटता सहसा थोडाच कमी होतो.