भांडी मिळाली म्हणून गवंडी मिळेना म्हणे!

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर तो मेसेज टाकला. दुपारी तोच खडी-वाळूवाल्याकडून आला, रात्री शाळेच्या ग्रुपवर. "आपल्या टॅक्समधून बांधकाम कामगारांना फुकट भांडी वाटली, आता ते कामावर येत नाहीत. शिकायची तयारी नाही. सेफ्टी बेल्ट दिला तर घालत नाहीत आणि पडले की भरपाई मागतात." बारा वर्षं साइटवर उन्हात काढलेल्या भाच्याला हे वाचायला लावलंत. मामा, तुम्ही मोठे, म्हणून शक्य तितकं सौम्य लिहितो.

टॅक्सचं आधी. तो पैसा तुमच्या इन्कम टॅक्समधला नाही. १९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर, जमिनीची किंमत सोडून, १ टक्का उपकर सुरू झाला. तो बांधणाऱ्याने भरायचा आणि कामगारांवरच खर्चायचा. झालं काय, तर १९ मार्च २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हिशोब मांडला: देशभरात ३७,४०० कोटींहून जास्त जमा, खर्च साधारण ९,५०० कोटी. काही ठिकाणी त्या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतल्याचंही त्यात आहे. वॉशिंग मशीन, मामा! आणि आपण गवंड्याच्या घरातली पातेली मोजतोय.

आता "कामावर येत नाहीत". ही भांडी वाटणाऱ्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करायलाच मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. कामच केलं नाही तर भांडी कुठून येणार?

हो, बोगस नोंदण्या होतात. आमच्या गावात टेम्पोवाल्याचंही कार्ड आहे, एजंटाला पैसे दिले की झालं. हे मान्य. पण खरा कामगार का अडतो तेही ऐका. ठेकेदार दाखल्यावर सही करत नाही. सही केली म्हणजे हा माझा माणूस असं कबूल केलं, मग पीएफ आला, बाकीचं आलं. सेंट्रिंगची, म्हणजे स्लॅबचा साचा बांधणारी, माणसं तीन-तीन वर्षं आमच्याकडे, पण त्यांची हजेरी मुकादमाच्या वहीत. ऑफिसात विचारलं तर "मुकादमाची २२ माणसं" एवढंच. नावं कुणालाच ठाऊक नाहीत. आठवड्याला खर्ची, म्हणजे खाण्यापुरते पैसे, गावी जाताना हिशोब, त्यात उचल वजा. असा माणूस दिवाळीनंतर परत आला नाही तर दोष पातेल्याचा?

बेल्टच्या वाक्याने मात्र डोकं फिरलं. बेल्ट कमरेला घालायचा हे सगळ्यांना कळतं. त्याचा हूक अडकवायचा कुठे? बाहेरच्या परांचीवर, म्हणजे उभं राहायच्या बांबूच्या मचाणावर, हूक अडकवायचा लाइफलाइनचा दोर ओढलेलाच नसतो. मग पोरगं हूक परांचीच्याच बांबूला लावतं, म्हणजे परांची कोसळली की दोघं सोबत. किंवा लावतच नाही, कारण दर चार फुटांवर हूक काढून घालायचा तर मुकादम ओरडतो, काम नगावर आहे. मी स्वतः अशा साइटवर होतो जिथे बेल्ट गेटवरच्या केबिनमध्ये टांगलेले असायचे आणि तपासणीच्या दिवशी बाहेर निघायचे. तेव्हा मीही गप्प बसलो, ते वेगळं. पण दोर बांधणं, जाळी लावणं, परांची तपासणं ही कामं कायद्याने मालकाची आहेत. पडलेल्याने ती करायची नसतात.

शिकण्याबद्दल फार लिहीत नाही. बिगारी मिस्त्रीच्या हाताखाली बघून बघूनच शिकतो. उद्या हा दुसरीकडे जाईल म्हणून कुठलाही ठेकेदार त्याच्यावर चार दिवसांची मजुरी खर्च करत नाही. शिकला तरी कागद नाही, म्हणून नव्या नाक्यावर दर पुन्हा बिगारीचा.

आणि मामा, तुमच्या सोसायटीचं बाहेरून रंगकाम चालू आहे ना? एकदा गच्चीवर जा. झुल्यावरच्या पोरांचा दोर कशाला बांधलाय ते बघा आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाका.