गोदी आणि गोदीतला माल: लिव्हरपूलच्या लेखावरच्या कमेंटला उत्तर

नमस्कार, तुमची कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की लिव्हरपूल या इंग्लंडमधल्या बंदराच्या आठशे वर्षांच्या इतिहासात मी गुलामांच्या व्यापाराला नको तेवढी जागा दिली, गोद्या-जहाजं-इंजिनीअरिंग हे खरं कर्तृत्व बाजूलाच राहिलं, आणि 1807 मध्ये ब्रिटिशांनीच तो धंदा बंद केला, मग आता उगाळून काय मिळणार. मनापासून लिहिलंय म्हणून उत्तरही सविस्तर देतेय.

गोदीचंच घ्या. जॉन राजानं 1207 मध्ये सनद दिली खरी पण पुढची जवळपास पाचशे वर्षं ते लहानसंच गाव होतं. मर्सी नदीला भरती-ओहोटी जबरदस्त, पाणी नऊ-दहा मीटर वरखाली होतं, ओहोटीला जहाजं चिखलात बसायची. थॉमस स्टीअर्स या इंजिनीअरनं तिथल्या खाडीत भिंती बांधून दरवाजे बसवले, भरतीला जहाज आत घ्यायचं, दार लावायचं, मग बाहेर ओहोटी लागली तरी आतलं पाणी तसंच. 1715 ची ही ओल्ड डॉक, माल चढवण्या-उतरवण्यासाठी बांधलेली जगातली पहिली बंदिस्त गोदी. कौतुक मलाही आहेच. पण एवढ्याशा गावानं कर्ज काढून हा घाट घातला तो अटलांटिकपारच्या व्यापाराच्या भरवशावर, म्हणजे साखर, तंबाखू आणि माणसं. 1699 मध्ये निघालेल्या ‘लिव्हरपूल मर्चंट’ जहाजानं बार्बाडोसला 220 माणसं नेऊन उतरवली होती, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी ब्रिटनच्या गुलामवाहू जहाजांतली चारांतली तीन तरी लिव्हरपूलची होती. आता गोदीचं लिहायचं आणि मालाचं नाही, हे कसं जमवू?

शहरानं स्वतःही ते कधी लपवलं नव्हतं. टाऊन हॉलच्या बाहेरच्या भिंतीवर वर दगडात कोरलेली पट्टी आहे, त्यात हत्ती, सिंह, मगर आणि त्यांच्याच ओळीत आफ्रिकन माणसांचे चेहरे. आपला पैसा कुठून येतो ते अभिमानानं नगरपालिकेच्या इमारतीवर कोरलंय. तिथल्या पेनी लेन या रस्त्याचं नाव एका गुलामव्यापाऱ्यावरून पडलं असं सगळीकडे फॉरवर्ड होतं, ते मी घेतलं नाही कारण त्याला पुरावा सापडलेला नाही. म्हणजे मिळेल ते डोक्यावर मारायचं असं काही केलेलं नाही.

आणि 1807 चं म्हणाल तर त्या साली व्यापार बंद झाला, गुलामी नाही. लिव्हरपूलचेच खासदार विल्यम रॉस्को यांनी बंदीच्या बाजूनं मत दिलं तर परतल्यावर जमाव त्यांच्या अंगावर गेला! 1833 च्या कायद्यानं गुलामी संपवली तेव्हा भरपाई मिळाली मालकांना, गुलामांना छदामही नाही. लिव्हरपूलचे जॉन ग्लॅडस्टन (पुढे पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचे वडील) यांना एक लाख पौंडांहून जास्त मिळाले, आणि 1838 मध्ये त्यांच्याच पुढाकारानं कलकत्त्याहून भारतीय मजूर ब्रिटिश गयानाच्या मळ्यांवर गेले. एक दार बंद झालं तर मळेवाल्यांनी दुसरं उघडलं, आणि त्यातून आपलीच माणसं नेली, हे मला सोडवत नाही.

त्यानंतर कापूस. अमेरिकेतल्या गुलामांनी वेचलेला कापूस लिव्हरपूललाच उतरायचा. 1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, माल थांबला, आणि लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरावती’ (म्हणजे अमरावती), ‘हिंगणघाट’ या आपल्या विदर्भातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर मुंबईत कंपन्यांचं पेव फुटलं, समुद्र भरून जमीन काढायचे शेअर लोकांनी घेतले, 1865 ला युद्ध संपताच भाव कोसळले आणि कितीतरी घरं बुडाली. तुम्ही लिहिलंय की मुंबई ओढूनताणून आणली, पण हे सगळं लिव्हरपूलच्याच भावावर हललंय.

गोद्या बांधणारे इंजिनीअर जेसी हार्टली यांच्यावर मात्र कमी लिहिलं गेलं हे मान्य. लाकूड टाळून लोखंड, वीट आणि दगडात बांधलेल्या त्यांच्या 1846 च्या अल्बर्ट डॉकवर वेगळा लेख टाकतेय, त्यात गोदामांचं बांधकाम सविस्तर घेईन. तो वाचून पुन्हा भांडायला नक्की या.