यंत्राचं सेटिंग कोणी लावलं, तेही सांगा

'कासा यंत्र आल्यापासून वीर्यतपासणीत माणसाच्या नजरेचा प्रश्नच उरला नाही' हे तुमच्या लेखातलं वाक्य पटलं नाही. कासा म्हणजे कॅमेरा जोडलेला मायक्रोस्कोप आणि हालचाल मोजणारं सॉफ्टवेअर. पण शुक्राणूचं डोकं केवढं धरायचं, कितीपेक्षा सावकाश हलला तर 'स्थिर' म्हणायचं, हे माणूसच ठरवतो. वळूसाठी लावलेल्या सेटिंगवर कोंबड्याचा नमुना ठेवून बघा! त्याच्या शुक्राणूचं डोकं दोऱ्यासारखं लांबट, वळूचं चपटं वल्ह्यासारखं. आकडा येतो, पण भरवशाचा नसतो.

मी जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी वीर्य गोठवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडची खरी डोकेदुखी म्हणजे अंड्याच्या बलकाचं डायल्यूटर, म्हणजे वीर्य पातळ करायचं द्रावण. बलकाचे कण यंत्राला मेलेले शुक्राणू वाटतात आणि गतिशीलता, म्हणजे हलणाऱ्या शुक्राणूंची टक्केवारी, उगाच खाली येते. अशा वेळी यंत्राने शुक्राणू समजून स्क्रीनवर केलेल्या खुणा डोळ्यांनी तपासाव्या लागतात, किंवा डीएनएला चिकटणारा फ्लोरोसंट रंग वापरावा लागतो, म्हणजे शुक्राणू चमकतात आणि बलकाचे कण वेगळे पडतात. मायक्रोस्कोपची स्टेज (नमुना ठेवायची पट्टी) ३७ अंशांवर नसेल तर चांगला नमुनाही मरगळलेला दिसतो, ते वेगळंच.

शिवाय गोठवलेलं वीर्य वितळवल्यावर ५० टक्के हालचाल दिसली की रेतनाची मात्रा पास, एवढ्यावर थांबू नये, विशेषतः रेड्याच्या बाबतीत. त्याचे शुक्राणू गोठवणं वळूच्यापेक्षा कमी सोसतात. म्हणून शुक्राणूचं आवरणही तपासावं. त्यासाठी विरळ द्रावणातली फुगवण चाचणी स्वस्त आहे: आवरण शाबूत असेल तर पाणी आत शिरून शेपटी गुंडाळते, साध्या मायक्रोस्कोपखालीही दिसतं. लेखात तिचा उल्लेखच नाही.