क्लिप लावून नाक बदलत नाही

गेले काही महिने एक मेसेज फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: नाकाचा शेंडा आणि कान कूर्चेचे (कार्टिलेजचे, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक भागाचे) असतात, कूर्चा मेणासारखी असते, थोडा शेक देऊन रोज दहा मिनिटं क्लिप लावली की सहा महिन्यांत हवा तो आकार येतो. पुरावा म्हणून बाळांचे कान पट्टीने वळवतात ते उदाहरण. कूर्चेत रक्त नाही, नस नाही, म्हणून इजेची भीती नाही. आणि सर्जन तरी वेगळं काय करतात? जास्तीची कूर्चा कापून टाकतात.

मी प्लास्टिक सर्जन आहे. हा मेसेज वाचून क्लिपा लावणारी सोळा-सतरा वर्षांची मुलं माझ्यासमोर येऊन बसतात, नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ घेऊन. त्यांच्यावर रागवावंसं वाटत नाही, वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते मेण. स्वतःचा कान पुढे दुमडा आणि सोडा. क्षणात जागेवर येतो. मेण असं करत नाही. कूर्चेच्या आत पाणी धरून फुगू पाहणारे रेणू असतात आणि त्यांना आवळून धरणारं कोलॅजेनचं जाळं असतं. ही ओढाताण अखंड चालू असते आणि दोन्ही अंगांची ओढ सारखी असते, म्हणून आकार टिकतो. दाबल्यावर तोल घटकाभर ढळतो, हात काढला की सावरतो.

हे मी वाचलं होतं, पण पटलं ते ऑपरेशन थिएटरमध्ये. शिकत असताना बरगडीच्या कूर्चेची एका कडेची पातळ पट्टी कापून मी सलाईनच्या वाटीत ठेवली. ठेवताना अगदी सरळ होती. वीसेक मिनिटांनी पाहिलं तर धनुष्यासारखी वाकलेली, तीही बरगडीच्या बाहेरच्या अंगाकडे. वरचा थर कायम ताणलेला असतो. त्याला रोखून धरणारा भाग मी कापून काढला होता, म्हणून तो आखडला. गिब्सन आणि डेव्हिस या संशोधकांनी १९५८ साली नेमकं हेच मांडलं होतं: कूर्चा गाभ्यातून, सगळ्या बाजूंनी सारखी कोरा, म्हणजे ओढ समतोल राहील आणि ती वाकणार नाही. आजही नाकात बसवण्यासाठी कोरलेला तुकडा लगेच बसवत नाहीत. थोडा वेळ सलाईनमध्ये ठेवून तो कुठे वळतो ते पाहतात, मगच वापरतात.

आता ‘सर्जन फक्त कापतात’ याकडे येते, कारण मेसेजमधलं सगळ्यात चुकीचं वाक्य हेच आहे. पुढे आलेले कान घ्या. कानाच्या पुढच्या पृष्ठभागावर बारीक ओरखडे काढले की तिथली ओढ सुटते, मागची बाजू आखडते आणि कूर्चा आपणहून मागे वळते. स्टेनस्ट्रॉम या सर्जननी १९६३ मध्ये ही रीत वापरली. त्याच वर्षी मुस्टार्डे यांनी दुसरी वाट दाखवली: कापायचं नाही, मागच्या बाजूने टाके घालून हरवलेली घडी उभी करायची. १९६८ मध्ये फर्नास यांनी कानाची वाटी (मधला खोलगट भाग) मागच्या हाडावरच्या आवरणाला टाक्यांनी बांधली. बरेच सर्जन गरजेप्रमाणे यांची सांगड घालतात. नुसत्या टाक्यांवर भिस्त ठेवली तर जाड कूर्चेची ओढ कधी कधी टाक्याला भारी पडते आणि कान थोडा पुढे येतो. शस्त्रक्रियेचा हा खरा तोटा आहे, तो लपवायचं कारण नाही.

नाकाच्या बाबतीत तर उलटंच आहे. दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याची कूर्चा काढताना वरच्या आणि पुढच्या कडेला किमान एक सेंटिमीटरची पट्टी राखावीच लागते, नाहीतर नाकाची पाठ खोगिरासारखी खचते. शीन यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेल्या ग्राफ्टमध्ये (शरीरातून काढून दुसरीकडे बसवलेल्या तुकड्यात) तर नाकाच्या मधल्या भागाला आधार म्हणून कूर्चेच्या पट्ट्या घालतात. आणि ज्या मुलाला जन्मतः बाहेरचा कानच नाही, त्याचा कान टॅन्झर यांनी १९५९ मध्ये बरगडीच्या कूर्चेतून कोरून दाखवला. त्यात जास्तीचं काय कापलं?

शेकाचा मुद्दा थोडक्यात. उष्णतेने कूर्चेची ओढ सैल पडते हे खरं आहे, १९९३ पासून लेझरने त्यावर प्रयोग झाले आहेत. पण त्यासाठी साधारण ६० ते ७० अंश सेल्सियस लागतात. एवढ्या उष्णतेने त्वचा काही सेकंदांत भाजते आणि कूर्चेच्या पेशीही मरू शकतात. घरच्या शेकाने कूर्चा त्या तापमानाच्या जवळपासही जात नाही, जाऊही नये.

‘रक्त नाही म्हणून धोका नाही’ हे वाचून मात्र मी हबकले. रक्त नाही, हाच तर धोका आहे. कूर्चा जगते ती तिच्यावरच्या पातळ आवरणातून झिरपणाऱ्या पोषणावर. कुस्तीगिरांचे कान पाहा. मार बसून आवरण आणि कूर्चेच्या मध्ये रक्त साचतं, कूर्चेची उपासमार होते आणि तिथे वेडीवाकडी गाठ तयार होते. वरच्या त्वचेला सतत चिमटा बसला की ती सोलते, जंतू आत शिरतात, आणि कूर्चेत औषधही सावकाश पोचतं. क्लिप लावलेला भाग लाल, गरम आणि ठणकता झाला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

राहिलं बाळांचं उदाहरण. ते खरं आहे, आणि म्हणूनच ते असं वापरलेलं खटकतं. जन्मानंतर काही दिवस बाळाच्या अंगात आईकडून आलेलं इस्ट्रोजेन हे हार्मोन भरपूर असतं, त्यामुळे कानाची कूर्चा मऊ असते. मात्सुओ आणि सहकाऱ्यांनी जपानमध्ये १९८४ मध्ये दाखवलं की या दिवसांत कान साच्यात धरून ठेवला तर घडी टिकते. पण साचा रात्रंदिवस, काही आठवडे लागतो, आणि इस्ट्रोजेन उतरलं की कूर्चा कडक होत जाते. दीड महिन्याच्या बाळातही ती संधी बरीचशी निघून गेलेली असते, सोळाव्या वर्षी ती कुठून येणार? उलट ‘कान कधीही वळवता येतो’ असं वाचून आईवडील निवांत राहतात आणि बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर माझ्याकडे येतात. मग पाच-सहा वर्षांचं होईपर्यंत थांबून शस्त्रक्रिया, एवढंच सांगणं हातात उरतं. काही कान पहिल्या आठवड्यात आपोआप सरळ होतात. तरी जन्मतः कानाची घडी वेगळी दिसत असेल तर त्याच आठवड्यात दाखवून घ्या.