रक्तातून पसरणारे आजार : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचं म्हणणं असं की रक्तातून पसरणाऱ्या आजारांवरचा माझा लेख उगाच भीती घालतो. निर्व्यसनी माणसाला त्याची गरज नाही, समोरचा कोण आहे ते बघून सावध राहिलं की पुरे. घरातल्या सगळ्यांची साखर तुम्ही बोटाला सुई टोचणाऱ्या एकाच पेनने तपासता आणि आजवर काही झालं नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

समोरचा माणूस बघून काहीही कळत नाही, माझा सगळा लेख त्यासाठीच होता. हिपॅटायटिस बी आणि सी हे यकृताचे विषाणूजन्य आजार वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय शरीरात राहतात. पुष्कळांना रक्तदानाच्या तपासणीत, नाहीतर यकृत बरंच खराब झाल्यावरच त्याचा पत्ता लागतो. बी तर बाळंतपणात आईकडून बाळाला होऊ शकतो. त्या बाळाला कसलं व्यसन होतं? म्हणूनच प्रत्येकाचं रक्त संसर्गजन्य समजून हाताळावं, असा दवाखान्यांतला नियम आहे. त्यात कुणाचा अपमान नाही. अपमान होतो तो तोंड बघून हातमोजे चढवले की.

बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्ही होण्याची शक्यता साधारण 0.3 टक्के असते. बीची लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 6 ते 30 टक्के. शिवाय हा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरतो. तरी लोक एचआयव्हीच्या धास्तीत राहतात आणि बीची लस टाळतात, याचं मला फार वाईट वाटतं. सीवर लस नाही, पण 8 ते 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

एकत्र जेवल्याने किंवा मिठी मारल्याने यातलं काहीही होत नाही, हे मी लेखात लिहिलंय. पुन्हा लिहितो, कारण भीतीबद्दलची तुमची काळजी खरी आहे.

सुई टोचलीच तर जखम पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा आणि तडक डॉक्टरांकडे जा. एचआयव्ही टाळणारी औषधं 72 तासांच्या आत, जमेल तितक्या लवकर सुरू करावी लागतात आणि 28 दिवस घ्यावी लागतात.

आता तुमच्या पेनबद्दल. नुसती सुई बदलून भागत नाही, पेनच्या टोकालाही न दिसणारं रक्त लागलेलं असतं. प्रत्येकाला स्वतंत्र पेन घ्या, आजच. आणि घरात बीची लस कुणाकुणाची राहिली आहे, तेही विचारून घ्या.