शिस्तीत हरायचं कसं

रेसला जाणारा माणूस जुगारी असतो, हा गैरसमज आधी डोक्यातून काढून टाका. जुगारी पत्ते कुटतो, तुम्ही अभ्यास करता. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असं सुप्रीम कोर्टानेच १९९६ साली सांगून ठेवलंय. त्या निकालाची प्रत पाकिटात बाळगा, महिनाअखेरीला तिथे जागाच जागा असते. मात्र कौशल्य नेमकं कोणाचं, घोड्याचं, जॉकीचं, ट्रेनरचं की खिडकीत पैसे सरकवणाऱ्याचं, असं बायकोने विचारलं तर विषय बदला.

मग एक वही घ्या. पहिल्या पानावर ‘आज दोन हजार, वर एक रुपया नाही’ असं लिहून खाली सही करा. समास मोठा सोडा, कारण चौथ्या रेसनंतर तिथे दुरुस्ती करावी लागते.

मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर रेसच्या आधी घोडे पॅडॉकमध्ये गोल फिरवतात. तिथे कठड्याला रेलून डोळे बारीक करून उभे राहा. घोड्याच्या मानेवर घाम दिसला की ‘नर्व्हस आहे’ म्हणायचं आणि तोच जिंकला की ‘अंगात रग होती, तेव्हाच दिसत होतं’ म्हणायचं. शेजारी कानावर पेन्सिल खोचलेले एक काका असतात. रेसबुकाची घडी तोंडासमोर धरून ते पुटपुटतात, “चार नंबर. तबेल्यातली खबर आहे. कोणाला बोलू नका.” खिडकीच्या रांगेत गेलात की कळतं, कोणाला न बोलायची ती खबर पुढच्या चाळीस जणांनाही आहे. टोटवर, म्हणजे रेस भरवणाऱ्या क्लबच्या खिडकीवर, सगळ्यांचे पैसे एकत्र गोळा होतात, क्लबचं कमिशन आधी कापलं जातं आणि उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. तेव्हा खबर खोटी निघाली तर पैसे गेले आणि खरी निघाली तर वाटेकरी चाळीस.

जुन्या शर्यतींचा अभ्यासही करा, वेळ चांगला जातो. फक्त एक लक्षात असू द्या. हँडिकॅप रेसमध्ये चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन देतात आणि मागे पडणाऱ्याला सूट देतात. सगळे घोडे एकाच वेळी पोचावेत, या हेतूने ही वजनं ठरवणारा हँडिकॅपर पगारावर असतो. तुमचा अभ्यास फुकट जावा, याची सोय म्हणून क्लबने आधीच माणूस नेमलाय.

आता सगळ्यांची लाडकी स्ट्रॅटेजी: हरलो की डबल. शंभर गेले तर दोनशे, मग चारशे. कधीतरी जिंकणारच, आणि जिंकलो की सगळं वसूल होऊन वर शंभर सुटणार. कागदावर हे अगदी चोख बसतं. सात वेळा हरून आठव्यांदा इव्हन मनीचा, म्हणजे लावले तेवढेच वर मिळवून देणारा, घोडा लागला, असं धरू. लावलेले एकूण २५,५००, हातात आले २५,६००. शंभर सुटले की नाही? पण २२ सप्टेंबर २०२५ पासून बेटच्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे. शंभराच्या बेटला तुम्ही एकशेचाळीस मोजता. म्हणजे खिशातून गेले ३५,७००. स्ट्रॅटेजी यशस्वी, घोडा पहिला, आणि तुम्ही १०,१०० रुपयांनी खड्ड्यात. टीडीएस यात अजून धरलेलाच नाही. आणि वर्षाचा तोटा पगारातून वजा करून मागाल, तर इन्कम टॅक्सवाले तशी सवलत देत नाहीत. जिंकलेल्या पैशांवर मात्र ते सरळ तीस टक्के घेतात.

नुसत्या इव्हन मनीच्या घोड्यांवर खेळत राहिलात, तर बरोबरीत सुटायलाही दहापैकी सात जिंकायला हवेत. हे वहीत लिहू नका. मन उदास होतं आणि शिस्त बिघडते.

हरल्यावर काय म्हणायचं, तेही शिकून घ्या. ‘जॉकीने खेचला’ हे सदाबहार आहे. ‘स्टार्टलाच घोडं अडलं’ हेही चालतं. ‘मी चुकीचा घोडा निवडला’ असं तिथे अजून कोणी म्हटलेलं ऐकिवात नाही. शेवटच्या रेसनंतर फाटकी तिकिटं पायाखाली येतात. त्यात एखादा माणूस वाकून प्रत्येक तिकीट उलटंपालटं करून बघत असतो, कोणी चुकून जिंकलेलं टाकलंय का. त्याला हसू नका. मैदानात भांडवल न घालता खेळणारा तेवढा एकच आहे.

फेब्रुवारीतल्या डर्बीला, म्हणजे सीझनच्या सगळ्यात मानाच्या शर्यतीला, इस्त्रीचे कपडे घालून या. त्या दिवशी हॅट घातलेल्या बायका असतात, फोटो निघतात, आणि गमावलेल्या पैशांनाही जरा घराणेदारपणा येतो. एप्रिलच्या सुमारास मुंबईचा सीझन संपला की घरी सांगून टाका, “सोडली रेस.” जुलैत पुण्याचा सुरू होईपर्यंत शब्द पाळता येतो. तोवर नवी वही आणून ठेवा. जुनीत पानं उरली असली, तरी नवीच.